सर्व्हर चालू आहे, पण खालच्या फोनवर दिसत नाही
दादा, दांडिया बाजारातल्या वाड्यात माडीवर दुसरा राउटर बसवल्यापासून खालच्या फोनवर म्युझिक सर्व्हर दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंत. दोष बहुधा सर्व्हरचा नाही. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेटची केबल लावायच्या खाचेत) असेल, तर घरात दोन वेगळी नेटवर्क झाली. डीएलएनए (घरातल्या उपकरणांवर गाणी पुरवायची पद्धत) सर्व्हरचा शोध मल्टिकास्टवर, म्हणजे नेटवर्कमधल्या अनेक उपकरणांना एकदम दिलेल्या हाकेवर, चालतो आणि ती हाक राउटर ओलांडत नाही.

दोन्हींचं एकच नेटवर्क करायला, खालचा राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ द्या, मग वरच्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, शेवटी केबल वरच्याच्या लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या खाचेत) घाला. हाच क्रम ठेवा. डीएचसीपी आधी घालवलंत तर रिबूटनंतर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि सेटिंगचं पानच उघडत नाही.

सर्व्हरचा पत्ता खालच्या राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) राखून ठेवा. सर्व्हरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याच्यापर्यंत डीएचसीपी पोचलेलंच नाही. आधी केबल तपासा.

वाड्याच्या जाड भिंतींतून सर्व्हर वायफायवर ठेवू नका, कॅट ५ई नेटवर्क केबल ओढाच. गिगाबिट वेग (१००० एमबीपीएस) मात्र गरजेचा नाही: २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ अशा उच्च दर्जाच्या स्टिरिओ गाण्यालाही सुमारे ९.२ एमबीपीएसच लागतात. फोन गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) नाही ना, तेवढं बघा.