हवा पालटली की दिवसाचं माप बदलतं का? आपापले अनुभव लिहा

जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. पुण्यात राहते, घरची शेती नाही, तरी माझं वर्ष तिथेच सुरू होतं. पहिला पाऊस पडला की कपाटं आवरायला घेते, राहून गेलेले फोन करते. उलट ऑक्टोबरच्या उन्हात उगीच चिडचिड होते, आठवडा सरता सरत नाही. तुमच्याकडे काय होतं? नुसतं 'मला पाऊस आवडतो' नको. हवेमुळे दिवस कसा लांबतो, कसा आखडतो, मन कशानं जड होतं, ते गावच्या तपशिलांसकट सांगा.

राजापूर

आमच्याकडे मे महिना म्हणजे आगोटीची, पावसाळ्याआधीच्या साठवणीची घाई. लाकडं फोडून माळ्यावर चढवायची, शेणी रचायच्या, आठळ्या मातीत घोळवायच्या, आमसुलं बरणीत, सोडे आणि सुके बांगडे डब्यात. फणसाची साठं वाळताहेत तोवर आजी आभाळाकडे बघून सगळ्यांना दामटत असे. त्या दिवसांत वेळ म्हणून पुरायचा नाही.

आजीचं घड्याळ अंगणात होतं. ऊन तुळशीपाशी आलं की भाताचं आधण, पडवीच्या पायरीला लागलं की जेवणं. आषाढात ऊनच नाही, मग ती कावरीबावरी व्हायची. "साडेअकराची गाडी गेली काय गो?" असं आईला पुन्हा पुन्हा विचारायची, आणि पन्हळीच्या आवाजात एसटी कुणालाच ऐकू आलेली नसायची. सकाळ झाली की एकदम तिन्हीसांज, मधली दुपार गायब.

लावणी चालू असताना तिची काही तक्रार नसे. चिखलात वाकून दिवस कुठे जायचा कळायचं नाही. आभाळ तेच, पाऊस तोच. लावणी उरकली की मात्र तिला ते दिवस फार जड जात. मुंबईच्या काकांची काळजी, गुडघे, गेलेल्या माणसांच्या आठवणी, सगळं तेव्हाच वर यायचं. आम्ही मुलं तिला 'पावसात आजी रागावते' म्हणायचो. आता वाटतं, तो राग नव्हता, तिला कुणी तरी जवळ बसायला हवं होतं. श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला, चुलीवरच्या दोरीवरचे धुरकट वासाचे कपडे अंगणात पडले, की तिचं बोलणं सुटायचं आणि गणपतीला किती दिवस उरले याची गणती सुरू व्हायची.

नागपूर

वर दुपार गायब होते म्हटलंय. आमच्याकडे मे महिन्यात दुपारच दुपार! पारा ४५ च्या घरात, दहाच्या आत भाजीबाजार उरकायचा, मग दारंखिडक्या बंद. कूलरच्या ताट्यांतला ओला वाळा आणि पंपाची घरघर, एवढंच जग. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. बाबा म्हणतात, "तापू दे, तापलं तर पाऊस चांगला येते." खरं-खोटं काय ते असो, पण त्या भरवशावर उकाडा सोसला जातो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या की खरा दिवस सुरू! पत्ते, पन्हं, शेजारच्या गच्चीवरून गप्पा. लहानपणच्या सगळ्यात मोठ्या रात्री मला उन्हाळ्यातल्याच आठवतात, आणि त्या तर वर्षातल्या लहान रात्री असतात.

सिडनी

इथे गणपती येतात तेव्हा थंडी सरत असते आणि संक्रांत भर उन्हाळ्यात. पहिली काही वर्षं दिवाळी आली तरी मनाला ती पटायचीच नाही. आता रस्त्यावर जॅकरांडाची जांभळी फुलं दिसली की भाजणी दळायला घ्यावीशी वाटते. लेकीला तर दिवाळी म्हणजे तीच फुलं.

औसा, जि. लातूर (सध्या पुणे)

पुण्यात जुलैत ऊन पडलं की ऑफिसात सगळे खूश, "काय मस्त हवा आहे!" मी मोबाइलवर लातूरचा पाऊस बघत असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण शेजारच्या रानात तिफण चालू झाली की धीर धरणं अवघड. सोयाबीन दोन पानांवर आलं आणि पावसानं खंड दिला, की घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. दादा रोज संध्याकाळी रानात जातात, माती मुठीत दाबून बघतात. गोळा झाला नाही तर हात धोतराला पुसतात आणि बांधानं पुढे चालू लागतात. दुबार पेरणीचा शब्द आईही काढत नाही. पंचांगात पुढच्या नक्षत्राचं वाहन बेडूक किंवा म्हैस, म्हणजे चांगल्या पावसाचं, निघालं, तर तेवढ्यावर चहा होतो. ते पंधरा दिवस आम्हाला वर्षाएवढे वाटतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यातलं मला परीक्षा-निकाल काही आठवत नाही. टँकर किती वाजता येणार, यावरच दिवस मोजला जायचा.

स्टॉकहोम

डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. ऑफिसात जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या हिवाळ्यात खूप झोप, सारखं गोड खावंसं वाटणं, आईचा फोनही नकोसा. मला वाटलं, घरची आठवण येतेय. डॉक्टरांनी सांगितलं, हा हिवाळ्यातल्या कमी उजेडानं येणाऱ्या नैराश्याचा प्रकार आहे, १९८४ पासून वैद्यकशास्त्रात त्याची नोंद आहे. नाव कळल्यावरच अर्धा भार उतरला. जूनमध्ये उलटी तऱ्हा. रात्री दहाला लख्ख उजेड, मुलगा म्हणतो, "आई, अजून संध्याकाळ आहे, झोपायचं कशाला?"

कुणी अशा देशात नव्यानं जात असेल तर सांगते. मला १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रखर दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसून फरक पडला. डोळ्यांचा काही त्रास असेल किंवा मनाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. ऑक्टोबरपासूनच सुरू करा, डिसेंबरची वाट बघू नका. आणि जेवणाच्या सुट्टीत, कितीही थंडी असो, बाहेर एक चक्कर माराच.