बॅरिस्टरसाहेब आणि भरिताची वांगी

महाजन काका (बी-७): मंडळी, वारशाचं आमिष दाखवणाऱ्या त्या लंडनच्या बोगस बॅरिस्टरचं मेलवर उत्तर आलं. कोणी मयत महाजन 45 लाख डॉलर ठेवून गेले म्हणे, वारस एकटा मी! फाइल हलवायला आधी 850 डॉलर.

नेहाताई (ए-३): काका, तुम्ही अजून त्याच्याशी बोलू राहिले?? 😳

महाजन काका: मग! लिहिलं, पैसे देतो, पण आमच्या जळगावात शुभकार्याआधी भरीत लागतं. वांगी बामणोदची मी आणतो, तिकडे भाजायला पळकाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) मिळतील का तेवढं कळवा. गॅसवर भाजलेलं आमच्यात चालत नाही.

चौधरी वहिनी (सी-२): 😂😂 काय म्हटला मग?

महाजन काका: आधी म्हटला, फी भरा, वांग्याचं नंतर बघू. मी अडून बसलो. काल सर्टिफिकेट पाठवलं, 'वांगी आयात परवाना', 120 डॉलर. तिरका गोल शिक्का, खाली एलिझाबेथ राणीची सही. राणी 2022 मध्येच गेली ना भो!

रोहन (सी-११): काका, तुम्ही त्याचा धंदाच बुडवू राहिले. मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाचा 2012 चा पेपर आहे यावर. हे मेल इतके बावळट का? तर शहाण्याने पहिल्या ओळीतच डिलीट करावं म्हणून. लाखो मेल पाठवायला खर्च जवळपास नाही, पण उत्तर आलं की पुढे माणूस बसवावा लागतो. त्यामुळे जो शेवटी पैसे देणारच नाही, तो त्यांना महागात पडतो.
ब्रिटनच्या ओटू या मोबाइल कंपनीने तर 2024 मध्ये एआयची 'डेझी' आजीच बनवली. ठगांना फोनवर विणकाम अन् मांजरीच्या गप्पा ऐकवायची. काही जण 40 मिनिटं अडकले!

नेहाताई: काका तेच काम बिनपगारी करू राहिले 😄

पाटील दादा (ए-९): मला नाही पटत. एक उत्तर गेलं की आयडी चालू आहे हे कळतं, मग यादीत नाव पक्कं. पेन्शनचं खातं त्याच मेलवर असेल तर?

महाजन काका: नातवाने वेगळी आयडी काढून दिली आहे. फोन नंबर नाही, पत्ता नाही, त्याची एकही लिंक उघडली नाही.

सोनार मॅडम (बी-१): हसू मलाही आलं. पण 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने सांगितलं होतं, म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार अन् कंबोडियात लाखभर माणसं डांबून ऑनलाइन फसवणूक करायला लावली असावीत. नोकरीच्या आमिषाने नेलेली पोरं. तुमचा बॅरिस्टर त्यातला असला तर?

रोहन: ते जास्त करून गुंतवणूक-प्रेमप्रकरणवाले, मॅडम. वारशाची ही जुनी तऱ्हा. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या कलमावरून तिचं नावच '419' पडलं.

सोनार मॅडम: मेलवर कलम छापलेलं नसतं ना.

महाजन काका: खरं आहे. म्हणून शिव्या नाही, धमकी नाही, कार्डावर अचकट-विचकट लिहून ते हातात धरलेला ठगाचा फोटो मागवणं तर नाहीच. परदेशात काही हौशी लोक तसं करतात, मला ते ओंगळ वाटतं. आपलं फक्त वांग्यापुरतं.

पाटील दादा: ठीक. पण कोणाचे खरंच पैसे गेले असतील तर ही मजा करत बसू नका, आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन.

महाजन काका: 👍 आता विचारतो, परवान्यात कळण्याची भाकरी धरली आहे का?

चौधरी वहिनी: भाकरीचा परवाना वेगळा मागा काका, नाहीतर एकातच उरकेल तो.