मदत हवी आहे: आलेख सरळ केला आणि गाणं बिघडलं

मंडळी, स्पीकरच्या मापनाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

बुकशेल्फ (छोटे) स्पीकर घेताना आलेख, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला (हर्ट्झ) किती जोरात वाजतात ते, बघूनच घेतले. 60 हर्ट्झपासून वर जवळजवळ सपाट रेषा. घरी लावले तर डग्ग्याचा प्रत्येक घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) मडक्यात वाजवल्यासारखा. यूएसबी माइक आणून खुर्चीजवळ मोजलं, तर 94 हर्ट्झच्या आसपास 9 डेसिबलचा डोंगर! खोली 12 फूट लांब, म्हणजे तिचा पहिला अनुनाद (भिंतींमध्ये आवाज घुमून वाढतो ती जागा) 47 हर्ट्झला आणि दुसरा बरोबर 94 ला. खुर्ची मागच्या भिंतीला चिकटलेली होती, ती दोन फूट पुढे घेतली आणि डग्गा बराचसा ताळ्यावर आला. इथपर्यंत कळलं.

पुढे घोळ झाला. खुर्चीजवळचा आलेख वरच्या पट्टीकडे हळूहळू उतरत होता, तो मी इक्वलायझरने (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) आडवा केला. (हौस, दुसरं काय!) आता गायिकेचा ‘स’ कानात टोचतो आणि तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा झणत्कार) पत्र्यासारखी वाजते. बायकोने तर मापन न बघताच सांगितलं, “आधीचं बरं होतं.”

स्पीकर आणि खोलीतल्या आवाजाचे अभ्यासक फ्लॉइड टूल यांच्या संशोधनाबद्दल थोडं वाचलंय: समोरून सपाट आणि बाजूलाही एकसारखा आवाज फेकणारा स्पीकर खोलीत मोजला की रेषा आपोआप उतरतेच. मग इक्वलायझर फक्त 300 हर्ट्झच्या खाली वापरू का? आणि स्पीकर निवडताना बाजूच्या कोनातले आलेख नेमके कसे वाचायचे?