रिसोर्स पॅकमध्ये एकच फाइल अनेक नावांनी वापरता येईल का?

घंटानाद: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणकीय खेळाच्या जावा आवृत्तीवर आम्ही काही मित्र एक सर्व्हर चालवतो. घंटेचा एकच आवाज फाटक उघडताना, फेरी सुरू होताना, कोणी बाद झाल्यावर आणि फेरी संपताना वाजतो, म्हणून मी त्या फाइलच्या चार नावांनी चार प्रती रिसोर्स पॅकमध्ये, म्हणजे खेळाचे आवाज आणि चित्रे बदलणाऱ्या फाइलींच्या झिपमध्ये, ठेवल्या. झिप केल्यावर आकार घटेल असे वाटले होते, परंतु तसे झाले नाही आणि मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांना प्रत्येक बदलानंतर सगळा पॅक पुन्हा उतरवावा लागतो. मूळ फाइल एकच ठेवून तिला टोपणनावे देण्याची सोय आहे का?

जुना खेळिया: झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबते, त्यामुळे दोन फाइली तंतोतंत सारख्या असल्या तरी त्या दोनदाच साठवल्या जातात, शिवाय ओजीजी ही आवाजाची फाइल मुळातच दाबलेली असते. तुम्हाला हवी असलेली सोय साउंड्स.जेसन या पॅकमधील आवाजांच्या यादीच्या फाइलीत आहे. खेळ आवाज मागतो तो फाइलच्या नावाने नव्हे, तर साउंड इव्हेंटच्या, म्हणजे आवाज वाजण्याच्या प्रसंगाच्या, नावाने. तेव्हा तिथे चार इव्हेंट लिहा आणि चारही ठिकाणी एकाच ओजीजीचा पत्ता द्या. प्रत्येक नोंदीत आवाजाची पातळी आणि पट्टी वेगळी ठरवता येते, म्हणजे बाद झाल्याची घंटा नवी फाइल न करता खालच्या पट्टीत वाजवता येईल. मात्र पत्त्यात आपले नेमस्पेस (फाइल कोणत्या गटातली आहे हे सांगणारे सुरुवातीचे नाव) अवश्य लिहा; ते गाळले, तर खेळ ती फाइल माइनक्राफ्टच्या मूळ नेमस्पेसमध्ये शोधतो आणि काहीच वाजत नाही. माझी एक संध्याकाळ यातच गेली होती.

चौकोनी वीट: ठोकळ्यांच्या चित्रांनाही हेच लागू आहे, कारण मॉडेलच्या, म्हणजे ठोकळ्याचा आकार सांगणाऱ्या, फाइलीत कोणत्याही टेक्स्चरचा (चित्राचा) पत्ता देता येतो. खेळ स्वतःही असेच करतो: त्याचे आवाज संगणकावर एसएचए-१ हॅशच्या, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या ठशासारख्या संकेताच्या, नावाने साठवलेले असतात आणि कोणत्या नावामागे कोणता हॅश आहे, हे एक सूची सांगते. टोपणनावांचा एक तोटा मात्र आहे. २०१८ मध्ये १.१३ आवृत्तीत ‘ब्लॉक्स’ या फोल्डरचे नाव ‘ब्लॉक’ झाले, तेव्हा मला चित्रांच्या जोडीने मॉडेलांमधला प्रत्येक पत्ताही बदलावा लागला.

घंटानाद: तीन प्रती काढून टाकल्या आणि चारही घंटा नीट वाजत आहेत. सुरुवातीला मित्रांकडे जुनाच पॅक उघडत होता. सर्व्हरच्या प्रॉपर्टीज (सेटिंग्जच्या) फाइलीत नव्या झिपचा एसएचए-१ हॅश भरायचा राहिला होता, त्यामुळे पॅक बदलल्याचे खेळाला कळत नव्हते.