स्टॉक रिमवर मोठे टायर : २३५ काढून २६५ टाकू का?

कच्चारस्ता
नमस्कार मंडळी, माझ्या एसयूव्हीला कंपनीचे २३५/६५ आर १७ टायर (२३५ मिमी रुंद, १७ इंची रिमचे) आहेत, आता पार गुळगुळीत झालेत त्यामुळे बदलायचे तर आहेतच, तर म्हटलं खर्च होतोच आहे तर जरा मोठेच टाकू. गाडी बाजूने बघितली ना की चाकाच्या वरती एवढी मोकळी जागा दिसते, की थोरल्याचा शर्ट धाकट्याला घातल्यासारखं वाटतं. टायरवाला म्हणतो २६५/६५ बिनधास्त टाका, रिम तीच चालेल. गाडी उंच करायचं लिफ्ट किट वगैरे काही करायचं नाहीये. महिन्यातून एकदोनदा कच्च्या रस्त्याला जाणं होतं, बाकी सगळं डांबरीच. कोणी टाकलेत का? स्पीडोमीटर चुकतो म्हणतात तो किती? आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर चालेल ना, ती कुठे रोज लागते.

ग्रीसचेहात
बसतील हो. बसवायला काय, मशीनवर दाबून हवा मारली की बसतात. पुढचं विचारा.

मापात_बोला
टायरवाल्याने रिमची रुंदी बघितली का आधी? सगळे फक्त १७ बघतात. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागे कोरलेलं असतं, १७ x ७जे असं काहीतरी आणि शेजारी ईटी म्हणून ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. ७जे म्हणजे रिम ७ इंच रुंद. २६५/६५ आर १७ ला रिम साधारण ७.५ ते ९.५ इंच लागते, २५५/६५ ला ७ ते ९, २४५/६५ ला ७ ते ८.५. तुमची रिम ७ ची निघाली तर २६५ चा विषय तिथेच संपला, चाकावरच्या कमानीत (आर्चमध्ये) जागा कितीही असू दे. (प्रत्येक टायर कंपनीच्या तक्त्यात मॉडेलप्रमाणे हे दिलेलं असतं, विकत घ्यायच्या आधी तेवढं उघडून बघा.)

आता व्यासाचं. २३५ चे ६५ टक्के म्हणजे साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) १५३ मिमीच्या आसपास, दोन्हीकडची धरून अधिक १७ इंचाची रिम, असा तुमचा आत्ताचा टायर ७३७ मिमी उंच. २४५/६५ झाला ७५०, २५५/६५ झाला ७६३, २६५/६५ झाला ७७६. म्हणजे २६५ ला ५.३ टक्के मोठा. स्पीडोमीटरवर आत्ता १०० दिसताना गाडी जेवढी पळते त्याच्यापेक्षा तेव्हा ५.३ टक्के जास्त पळणार. मीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, त्यामुळे २५५ पर्यंत तो उलट खऱ्याच्या जवळ येतो, पण २६५ ला मीटरच्या भरवशावर राहू नका. ओडोमीटरपण कमी किलोमीटर मोजणार, मग लोक ओरडतात अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून. थोडं खरंच पडतं, थोडं मोजण्यातलं असतं.

आणि एवढं करून जमिनीपासूनची उंची किती वाढते? व्यासाच्या फरकाच्या निम्मी. ३९ मिमीचे १९.५. दोन बोटं पण नाही.

सरळचाल
मी केलेला शहाणपणा सांगतो, म्हणजे तुमचा वाचेल. सात इंची रिम, २६५ टायर, असंच कोणाचं तरी ऐकून. दिसायला गाडी एक नंबर. पण पहिल्याच वळणावर कळलं की स्टिअरिंग आधी वळतं आणि गाडी थोड्या वेळाने विचार करून वळते, कारण रिम अरुंद असली की साइडवॉल फुगते आणि वळताना टायर लोळतो. वर्षभरात मधली नक्षी गेली, कडा नव्या कोऱ्या. एकटा असताना कुठेच घासत नव्हतं, पण पाच माणसं आणि सामान भरलं आणि रिव्हर्समध्ये पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडफ्लॅपच्या आतल्या प्लॅस्टिकला खर्र खर्र. पिकअप तर गेलाच, चढाला जिथे तिसऱ्यात जायची तिथे दुसरा टाकावा लागायचा. शेवटी २४५ वर आलो आणि सुटलो.

कच्चारस्ता
बघितलं खाली बसून, मोबाइलचा टॉर्च मारून. १७ x ७जे, ईटी ४५. म्हणजे २६५ कटाप. २५५ अगदी काठावर आहे, तो घेऊ का मग? गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे हे सांगायचं राहिलं.

मापात_बोला
अहो हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना. एडब्ल्यूडीला (ऑल व्हील ड्राइव्हला) चारही टायर सारख्या मापाचे, सारख्या झिजेचे पाहिजेत. एक चाक लहान असलं की ते जास्त फिरतं, गाडीला वाटतं ते घसरतंय, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं कपलिंग सतत झगडत राहून तापतं. म्हणून जुनी स्टेपनी फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, तीही हळू. २४५ ला फरक १.८ टक्केच असला तरी हेच लागू, म्हणून जमलं तर पाचवा टायर घ्याच आणि तो स्टेपनीच्या जागेत मावतो का ते आधीच बघा.

मी असतो तर २४५/६५ घेतला असता, ऑल टेरेन (डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणाऱ्या) नक्षीचा. कच्च्यावर फरक पडतो तो नक्षीने आणि हवा किती ठेवता त्याने, दहा मिलिमीटर रुंदीने नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्या टायरवर असेल तेवढा किंवा जास्तच घ्या, १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०८ म्हणजे १०००. आणि एलटी (लाइट ट्रकचा) लिहिलेला उगाच घेऊ नका, तो जड असतो, तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते आणि डांबरीवर हाडं मोजून घेतो.

ग्रीसचेहात
चारही एकदम चढवू देऊ नका. पुढचा एकच बसवून घ्या, टायरच्या खांद्याला आणि आतल्या बाजूला जाड खडू फासा, मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून हळूहळू पुढे-मागे करा, एक चाक दगडावर चढवून पण. घासलं तर खडू पुसलेला दिसेल. आतल्या बाजूला स्ट्रटपाशी (सस्पेन्शनच्या खांबापाशी) बोट घालून बघायला विसरू नका, सगळे बाहेरचंच बघतात. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावू का असं विचारू नका, आत जागा झाली की बाहेर फेंडरला घासतं. आणि इन्शुरन्सवाल्याला माप कळवून ठेवा, गाडीच्या मंजूर मापाबाहेरचं असेल तर काही ठिकाणी नियमात बसत नाही.

कच्चारस्ता
२४५/६५ घेतले, पाच. खडू लावून केलं सगळं, कुठेच पुसला नाही, आतून बोट आरामात जातंय. टायरवाला वैतागला होता पण एक टायर चढवून थांबला बिचारा. वरची मोकळी जागा अजून तशीच दिसते, आता तिकडे बघतच नाही.