रायझन ५ ३६०० आणि १६६० सुपर: आधी कार्ड बदलू, प्रोसेसर, की सगळंच?

फ्रेमड्रॉप

सध्याचा सेटअप: प्रोसेसर रायझन ५ ३६०० (सोबत आलेलाच कूलर), चार रॅम स्लॉटचा बी४५०एम बोर्ड, ८+८ जीबी डीडीआर४ ३२००, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी, साटा एसएसडी ५०० जीबी, ४५० वॅटचा ब्रॉन्झ पीएसयू (पॉवर सप्लाय). मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ.

त्रास दोन तऱ्हेचा आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सगळं लोवर ठेवलं तरी धूर पडला आणि चारपाच जण एका जागी आले की फ्रेम १६०वरून थेट ८०-९०वर येतात. त्या वेळी कार्डचा वापर ५५-६० टक्के दिसतो. याउलट नवे ओपन वर्ल्ड गेम मीडियमवर ४०-४५ फ्रेमच्या वर सरकत नाहीत आणि तिथे कार्ड ९८-९९ टक्के. सीपीयू (प्रोसेसर) दोन्हीकडे ५० टक्क्यांच्या आतच असतो, म्हणजे तो मोकळाच बसलाय ना?

आत्ता दोनच पार्ट घेता येतील. एएम५वर (एएमडीच्या नव्या सॉकेटवर) जाऊ का? ८ जीबीचं कार्ड पुरेल का? पीएसयू तोच चालेल का?

थर्मलपेस्ट

सीपीयू मोकळा नाहीये. टास्क मॅनेजरमधला तो आकडा म्हणजे बारा थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगांची) सरासरी. गेमचा मुख्य थ्रेड एकच असतो. तो एकटा पूर्ण दमला तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के. बाकीचे अकरा थ्रेड त्याच्यासाठी थांबून राहतात आणि तुला वाटतं अर्धा प्रोसेसर रिकामा आहे. म्हणून सीपीयूच्या टक्क्यांकडे बघूच नकोस, कार्डच्या बघ. फ्रेम लिमिट आणि व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद असतानाही कार्ड ९० टक्क्यांच्या खाली राहत असेल, तर कार्डला कोणीतरी ताटकळत ठेवतंय. (लिमिट चालू असेल तर हा आकडा फसवा, तेव्हा कार्ड मुद्दामच आरामात असतं.)

खात्री करायची तर गेम ७२०पीवर टाक. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं, होत्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम. तुझ्याकडे दोन गेमचे दोन वेगळे रोग आहेत, त्यामुळे एका पार्टने दोन्ही बरे होणार नाहीत.

पण प्रोसेसरला दोष देण्याआधी रॅम तपास. सीपीयू-झेड (पार्टांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, मेमरीच्या टॅबमध्ये वारंवारता किती आणि चॅनेल एक की दोन ते इथे लिही. आणि बोर्डावर रॅमच्या पट्ट्या नेमक्या कुठल्या स्लॉटमध्ये आहेत तेही.

फ्रेमड्रॉप

वारंवारता ११९७ मेगाहर्ट्झ, चॅनेल सिंगल. पट्ट्या प्रोसेसरला लागून असलेल्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये आहेत. पण पट्ट्या तर दोन आहेत, मग सिंगल कसं?

थर्मलपेस्ट

सापडला चोर. चार स्लॉटच्या बोर्डावर पहिले दोन स्लॉट एकाच चॅनेलचे, पुढचे दोन दुसऱ्याचे. दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी बसवल्या म्हणजे रस्ता एकच राहिला. प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, बोर्डावर बारीक अक्षरात ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं, तिथे बसव. पीएसयूचं बटण बंद कर, केसचं पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला चार्ज जाऊ दे, मग हात घाल. पट्टी दोन्ही टोकांना कट्ट वाजेपर्यंत दाबायची. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो आणि दुसरं टोक अर्धवट बसलेलं चटकन लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माल पाठवते, त्यामुळे सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवतं, म्हणजे तुझी ३२००ची रॅम २४००वर चाललीय. पाकिटावर छापलेला वेग आपोआप लागू होत नाही, बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग लावणारं प्रोफाइल, चालू करावं लागतं. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असतं. ते केलं की सीपीयू-झेडमध्ये १६००च्या आसपास दिसेल. रायझनमध्ये आतले भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग रॅमशी जोडलेला असतो, त्यामुळे रॅम हळू तर आतली देवाणघेवाणही हळू. हा फटका सरासरीपेक्षा ‘१ टक्का लो’वर (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमच्या आकड्यावर) जास्त दिसतो आणि तुझी तक्रार नेमकी तीच आहे.

एक्सएमपी लावल्यावर पडदा थोडा वेळ काळा राहून पीसी दोनतीनदा आपोआप चालू-बंद झाला तर घाबरू नकोस, बोर्ड रॅमशी जुळवून घेतोय. नाहीच उठला तर सीएमओएस क्लिअर करून (बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणून) ३००० लाव. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ची निदान एक पूर्ण फेरी होऊ दे. डळमळीत रॅम गेममध्ये चालून जाते आणि गुपचूप विंडोजच्या फायली खराब करत राहते.

फ्रेमड्रॉप

केलं. आता चॅनेल ड्युअल, १५९७ मेगाहर्ट्झ. मेमटेस्टमध्ये एकही चूक नाही. त्याच मॅपवर धुरात फ्रेम ११५च्या खाली जात नाहीत, कार्ड ७० टक्क्यांच्या पुढे. एक पार्ट वाचला! ओपन वर्ल्ड मात्र जिथल्या तिथे.

जुनाबोर्ड

ते राहणारच, तिथे कार्डच धापा टाकतंय. मग पहिला पार्ट कार्ड, यात वाद नाही. पण तुमचा बोर्ड बी४५० आहे हे विसरून कार्ड घेऊ नका. कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता म्हणजे पीसीआयई. ३६०० त्याची ४.० आवृत्ती बोलतो, बोर्ड मात्र ३.०च. आणि मधल्या वर्गातली बरीच कार्डं लांबीने सोळा लेनच्या (या रस्त्याच्या पदरांच्या) स्लॉटची दिसतात, प्रत्यक्षात आठच लेन वापरतात: आरटीएक्स ४०६०, आरएक्स ७६००, आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय. ३.०च्या आठ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. गेमचा सगळा माल कार्डच्या मेमरीत मावला, तर या अरुंद वाटेचा फारसा फरक पडत नाही. मावला नाही की टेक्स्चर रॅममधून त्याच वाटेने ये-जा करायला लागतात आणि तिथे गचके बसतात. सरासरी फ्रेम छान, पण वळणावर गाडी अडखळते.

म्हणून तुमच्या बोर्डावर ८ जीबीचं आठ लेनवालं कार्ड मी तरी घेणार नाही. १०८०पीलाही नवे गेम अल्ट्रा टेक्स्चर आणि रे ट्रेसिंगसकट ८ जीबी ओलांडतात. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी सोळा लेनचं आहे, ते इथे चपखल बसतं. ५०६० टीआय घ्यायचंच तर १६ जीबीचंच. ८ आणि १६ जीबीच्या कार्डांचं नाव एकच असतं, खोक्यावरचा आकडा दोनदा वाचा. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबीचं आहे, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त बोजा टाकतो आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर ते कार्ड पांगळं होतं. ३६०० बरोबर नको.

रिसायझेबल बार बी४५०वर नव्या बायोसने मिळतो, पण त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करणारी बायोसमधली सोय) बंद करावं लागतं. विंडोज डिस्क विभागण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्याबरोबर ते सुरूच होणार नाही. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, एमबीआर दिसलं तर बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या टूलने बदला, मगच बायोसला हात लावा.

वॅटमोज्या

कार्डच्या आधी पीएसयू. ४५० वॅट ऐकून कोणी घाबरतं, कोणी निर्धास्त होतं, दोघंही लेबल वाचत नाहीत. बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टखाली किती अँपिअर आहेत ते बघ. ३६ अँपिअर असेल तर ४३२ वॅट, म्हणजे जवळपास सगळी ताकद जिथे हवी तिथे आहे. २४च असेल तर २८८ वॅट, बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टवर फुगवलेले. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवरच जगतात.

हिशेब साधा आहे. ३६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, ९०६० एक्सटी १६ जीबी साधारण १६०, ५०६० टीआय १८०, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून ५०-६०. बेरीज ३००-३३०. चांगल्या ४५०वर हे बसतं. पण कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी घेतं आणि जुना पीएसयू तेवढ्यात हाय खातो. लक्षण ओळखीचं: गेम ऐन रंगात, निळा पडदा वगैरे काही नाही, पीसी फट्‌कन बंद. तसं झालं तर तात्पुरतं आफ्टरबर्नरमध्ये (कार्डच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पॉवर लिमिट ८५ टक्के कर, आणि नवा घेताना ६५० वॅट घे म्हणजे पुढच्या कार्डालाही तोच चालेल.

जुनाबोर्ड

इथे थोडा मतभेद. ३६ अँपिअरवाला, पाच वर्षं वॉरंटीचा पीएसयू असेल आणि वॉरंटी अजून संपली नसेल, तर दोन पार्टांतला एक त्यावर घालवू नये. त्यापेक्षा प्रोसेसर घ्यावा.

वॅटमोज्या

मान्य, पण दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तरच. बदललाच तर जुन्या मॉड्युलर केबली नव्या पीएसयूला लावू नकोस, खाचेत बरोबर बसल्या तरी नाही. पीएसयूकडच्या टोकाची जोडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. साटाची एक चुकीची केबल एसएसडी जाळायला पुरते. सगळ्या जुन्या केबली बाहेर, सगळ्या नव्या आत.

कार्डला दोन ८ पिनचे सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबली ओढ, एकाच केबलचे दोन फाटे नकोत. ६+२ असं फुटणारं टोक कार्डचं, ४+४ असं फुटणारं प्रोसेसरचं. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात, जोर लावून बसवू नकोस.

फ्रेमड्रॉप

लेबलवर ३६ अँपिअर आहे, वॉरंटीची दोन वर्षं बाकी. म्हणजे कार्ड + प्रोसेसर. मग एएम५ का नको?

थर्मलपेस्ट

कारण एएम५ म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ असे तीन पार्ट, तुझी आत्ताच नीट लागलेली रॅम अडगळीत. तुझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर अजून जागा आहे. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी खात्रीचा मिळाला तर डोळे झाकून घे: आठ कोअर, ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). तुझ्या ३६००मध्ये ३२ एमबी आहे, तीही १६-१६ अशी दोन घरांत वाटलेली. शूटर गेम आणि १४४ हर्ट्झला मोठी कॅशे फार मानवते. नाही मिळाला तर ५६००, त्यात ३२ एमबी एकसंध आहे. ५५०० नको, त्यात १६च आहे. वापरलेला घेतलास तर पिना उजेडात आडव्या धरून बघ, ओळ कुठे मोडलेली दिसते का ते.

एक्स३डीसोबत कूलर येत नाही आणि तुझा छोटा कूलर त्याला पुरणार नाही. १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर लागेल. इथे एक मेख आहे. ३६००चा कूलर चार स्क्रूंनी थेट मागच्या प्लेटला बसतो, त्यासाठी बोर्डावरचे दोन प्लॅस्टिकचे कंस काढलेले असतात. बरेच टॉवर कूलर नेमके त्याच कंसांना अडकतात. बोर्डाच्या खोक्यात शोध, आणि स्क्रू सोडताना मागची प्लेट हाताने धरून ठेव, नाहीतर ती केसच्या तळाशी घरंगळते.

क्रम चुकवू नकोस. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत कर, नंतर केलंस तर नवा प्रोसेसर ओळखलाच जाणार नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२, फाइल बोर्डच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची, अपडेट बायोसच्या आतून, विंडोजमधून नाही. त्याआधी विंडोजचं डिस्क कुलूप, म्हणजे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, चालू आहे का बघ. असेल तर ते थांबव आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेव. प्रोसेसर बदलला की एफटीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) रिसेट करायचं का असं बोर्ड विचारतो, आणि की नसेल तर डिस्क कुलूपबंद. बायोस अपडेटने एक्सएमपीही बंद होतं, परत लाव.

प्रोसेसर काढण्याआधी दहापंधरा मिनिटं गेम चालव, पेस्ट मऊ होईल. मग बंद करून कूलर वर न ओढता डावीउजवीकडे हळूहळू पिळ. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचल. थंड पेस्टवर सरळ ओढलास तर एएम४मध्ये लिव्हर लावलेला असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो आणि १३३१पैकी चारदोन पिना वाकतात. नव्याला वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध, स्क्रू असतील तर तिरपे, आळीपाळीने.

जुनाबोर्ड

कार्ड केसमध्ये मावतं का तेही मोजा. पुढचा पंखा बसवल्यावर उरलेली जागा धरायची, रिकाम्या केसची नाही. एनव्हिडियाकडून एएमडीकडे जात असाल तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या टूलने जुना ड्रायव्हर साफ करा, नेट तेवढा वेळ तोडून ठेवा, नाहीतर विंडोज स्वतःच काहीतरी घालून मोकळं होतं.

फ्रेमड्रॉप

कंस खोक्यात सापडले. सगळं एकदम बसवू की एकेक?

वॅटमोज्या

एकेक. आधी कार्ड, आठवडाभर चालव, मग प्रोसेसर. दोन्ही एकदम बसवून पीसी उठला नाही तर कोणाला धरायचं ते कळत नाही. मॉनिटरची केबल कार्डला लाव, बोर्डाला नाही. ३६००, ५६०० आणि एक्स३डी, तिन्हींत ग्राफिक्स नाही, तिथे नुसता काळा पडदा मिळेल. आणि नवा ड्रायव्हर पडल्यावर विंडोजमध्ये रिफ्रेश रेट बघ, कित्येकदा तो ६०वर जाऊन बसलेला असतो.