यशिकामॅटला फ्लॅशबल्ब लावायचाय, लिव्हर एमवर ठेवू की एक्सवर?

निशाचर_रोल:
मंडळी, मामांचा जुना यशिकामॅट (दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा) सर्व्हिस करून घेतलाय, शटर १/५०० पर्यंत नीट चालतंय. सोबत पंख्यासारख्या उलगडणाऱ्या रिफ्लेक्टरची फ्लॅशगन आणि निळे बल्ब पण मिळालेत, पेटीवर क्लास एम छापलंय. आता लेन्सशेजारी एम आणि एक्स अशी बारकी लिव्हर आहे, मामा म्हणतात एमवर ठेव, नेटवर अर्धी जनता म्हणते एक्सवर ठेव आणि १/३० ला मार. बल्ब एकदा उडाला की गेला आणि १२०चा फिल्म रोल काय भावाने मिळतो ते तुम्हाला माहितीये, म्हणून ट्रायल मारत बसायचं नाहीये. नक्की फरक काय?

काळीखोली:
दोघंही बरोबर आहेत, स्पीड कोणता लावणार त्यावर आहे सगळं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश करंट मिळाल्या मिळाल्या उडते आणि मिलिसेकंदाच्या आत संपते, म्हणून एक्सवर शटरची पाती पूर्ण उघडली की मगच काँटॅक्ट जुळतो. बल्बचं तसं नाही, आत ऑक्सिजनमध्ये बारीक तारांचा गुंता जळतो, तो भुईनळ्यासारखा आधी पेट घेतो मग चढतो. क्लास एमचा बल्ब साधारण २० मिलिसेकंदांनी पूर्ण जोरात येतो. आता १/२५० म्हणजे ४ मिलिसेकंद. एक्सवर मारलंस तर बल्ब जागा होईपर्यंत शटर उघडून बंद पण झालेलं असतं, निगेटिव्हवर काही नाही. एमवर कॅमेरा आधी बल्ब पेटवतो, १६-१७ मिलिसेकंद थांबतो आणि मग पाती उघडतो, म्हणजे उजेड जोरात असताना शटर उघडं.

१/३० ला मात्र शटर ३३ मिलिसेकंद उघडं राहतं, त्यात बल्बचा बहुतेक सगळा उजेड येतो, म्हणून तिथे एक्स चालतं. उलट तिथे एमवर ठेवलंस तर चढतानाचा थोडा उजेड वायाच जातो. घरात पोर्ट्रेट असेल तर एक्स आणि १/३०, बाहेर उन्हात चेहऱ्यावरची सावली भरायची असेल तर एम आणि १/१२५ किंवा वर. आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावलीस की लिव्हर एक्सवर आहे ना ते दोनदा बघ, एमवर ती पाती उघडायच्या आधीच उडून जाते.

फिल्म न जाळता चेक करायचं तर मागचं झाकण उघड, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण मोकळं, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे आणि मागून लेन्समधून बघ. एक्सवर अख्खा गोल उजळलेला दिसला पाहिजे. एमवर भिंतीचा लखलखाट लेन्समधून दिसता कामा नये, दिसला तर एमची डिले चालत नाहीये, गियरमध्ये जुनं तेल घट्ट बसलं असेल, परत मेकॅनिककडे.

स्टुडिओवाले_काका:
वरचं सगळं बरोबर, आता हाताचं काम सांगतो. गनमध्ये बहुतेक साडेबावीस व्होल्टची बॅटरी लागत असेल, ती शोधत फिरू नकोस. गाडीच्या किंवा बेलच्या रिमोटमध्ये १२ व्होल्टचे छोटे सेल येतात, ते दोन सिरीजमध्ये जोडले की भागतं. आतला कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेला असू शकतो, रेडिओ दुरुस्तीवाला पाच मिनिटांत बदलतो. बल्बचं बूड आणि सिंकच्या (गन कॅमेऱ्याला जोडणाऱ्या) वायरचं टोक घासून स्वच्छ कर, न उडणाऱ्या बल्बांत निम्मे तिथेच अडकतात. आमच्यातले काही जण बूड जिभेला लावून बसवायचे, तू नको करूस.

बल्ब बसवताना तोंड बाजूला ठेव, गन चार्ज असेल आणि काँटॅक्ट शॉर्ट असला तर बसवताबसवता उडतो. काही बल्बांच्या आत निळा ठिपका असतो, तो गुलाबी झाला असेल तर आत हवा शिरलीये, तो बल्ब फुटू शकतो, सरळ बाजूला काढ. तडा गेलेला पण नको. उडालेला बल्ब लगेच हातात घेऊ नकोस, कातडी निघेल.

एक्सपोजर पेटीवरच्या गाइड नंबरने (बल्बच्या उजेडाचा आकडा) काढ, त्याला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. समजा ४० आहे आणि माणूस ५ मीटरवर, तर ४० भागिले ५ म्हणजे एफ/८. नंबर फुटांत आहे का मीटरमध्ये ते आधी बघ, आणि स्पीड वाढवला की नंबर उतरतो, तक्त्यात प्रत्येक स्पीडचा वेगळा दिलेला असतो. तुझे बल्ब निळे आहेत म्हणजे डेलाइट कलर फिल्मला चालतील.

दोन_पडदे:
धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्याकडे पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आहे, त्याला फ्लॅशची वायर लावायला एफपी आणि एक्स अशी दोन भोकं आहेत, एम कुठेच नाही. हेच बल्ब चालतील का?

काळीखोली:
चालतील, पण वायर एक्सच्या भोकात आणि स्पीड १/३० किंवा खाली. त्यात कापडी पडदे आहेत, १/६० च्या वर अख्खी फ्रेम एकदम उघडी नसतेच, नुसती फट सरकत जाते. क्लास एमचा उजेड फट पलीकडे पोचेपर्यंत उतरायला लागतो, म्हणजे फोटो एका बाजूला लख्ख आणि दुसऱ्या बाजूला अंधार. एफपीच्या भोकासाठी एफपी क्लासचेच बल्ब लागतात, ते मुद्दाम लांब आणि एकसारखे जळतात.

निशाचर_रोल:
झाकण उघडून बघितलं, एक्सवर पूर्ण गोल, एमवर काळोख. म्हणजे डिले चालू आहे. काका, गाइड नंबर फुटांतच आहे, बरं झालं सांगितलंत. कपॅसिटर उद्या बदलायला देतो.